पश्चात्तापाची तालीम

आईचा चष्मा नाकावर चढवून दादा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अध्यक्ष होऊन बसला आणि त्याने ओट्यावर चमचा आपटला.

"हं, वकीलबाई. त्या संध्याकाळी काय झालं ते सांगा."

"मी गाडी चालवत होते," बहीण म्हणाली. "वळणावर एक सायकलवाले आडवे आले. मी घाबरले आणि तशीच निघून गेले. त्याबद्दल मला अतिशय खेद वाटतो."

"खेद स्टेशनवर वाटतो, गाडी उशिरा आली की. समितीला पश्चात्ताप लागतो. पुन्हा."

भांडी घासता घासता आई हसली.

वकीलबाई हे नाव तिला शाळेत असल्यापासूनचं. कोणाचंही भांडण असो, ही दुसऱ्याची बाजू घेऊन उभी. तीच खोड पुढे नडली. गाडी दादा चालवत होता. पण त्याला नुकती नोकरी लागली होती, आणि पोरीच्या जातीला कोण शिक्षा करतंय, असं आईचं कायदेविषयक मत होतं. कोर्टाचं मत वेगळं पडलं. शिक्षा भोगून आल्यावर ती कायदा शिकली, चांगली पहिल्या वर्गात पास झाली. वकिलीची सनद मात्र समितीच्या हातात. मागच्या खेपेस तिने समितीला खरं सांगून पाहिलं, की गाडी मी चालवत नव्हते. मग कोण, यावर ती गप्प बसली. समितीने शेरा मारला : अर्जदारास पश्चात्ताप झालेला दिसत नाही. आता ही शेवटची संधी होती. सुदैवाने पश्चात्ताप घरातल्या घरात उपलब्ध होता.

"मला खूप वाईट वाटतं," ती म्हणाली.

"अगं, असं नसतं ते."

"मग कसं असतं?"

दादाने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या. काचा स्वच्छच होत्या.

"मी उतरलो होतो गाडीतून," तो म्हणाला.

तिने मान वर केली. हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"शुद्धीवर होता तो. म्हणाला, जरा बसतं करा मला. मी म्हटलं, आलोच. आणि गाडीत जाऊन बसलो." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "अजून वाटतं, तिथंच पडून वाट बघत असेल. असं असतं ते."

आईने नळ मोठा केला.

समितीत तिघे होते. अध्यक्षांना सर्दी झाली होती, त्यामुळे ते सुरुवातीपासूनच गहिवरल्यासारखे दिसत होते. तिने सगळं सांगितलं. खेद हा शब्द कुठे आला नाही. "जरा बसतं करा, म्हणाले ते. मी आलेच म्हटलं," इथे तिचा आवाज थरथरला. तालमीत तो कधीच थरथरला नव्हता.

अध्यक्षांचा रुमाल नाकापाशी थांबला.

"म्हणजे, ते जिवंत होते?"

"हो."

"बोलत होते?"

"हो."

"निकालपत्रात तर ते जागच्या जागी गेले, असं आहे. तुम्ही हे कोर्टाला सांगितलं नव्हतं?"



"नाही," ती म्हणाली.

कडेच्या खुर्चीतल्या बाई इतका वेळ तिच्याकडे मायेने बघत होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमचा पश्चात्ताप खरा आहे, याबद्दल आमच्यात दुमत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी नाक पुसलं. "आणि म्हणूनच तुम्हाला सनद देता येणार नाही. आता नाही, पुढेही नाही."

बाहेर भर उन्हात दादा पायऱ्यांशी उभा होता. तिला बघताच पुढे आला.

"काय गं? बसला विश्वास?"

"बसला. पूर्ण बसला."

"मी म्हणत नव्हतो!" त्याने इतका मोठा श्वास सोडला, की शेजारून जाणारा शिपाई वळून बघायला लागला. दादा खिशात किल्ली चाचपू लागला. "आता वकीलबाईंनी उन्हात पायपीट करायची नाही. बस इथे सावलीला. गाडी घेऊन आलोच."

ती पायरीवर बसली.

आणि तो खरोखरच लगेच आला.