पैलवानचा कुकर

हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर तिला सगळ्याजणी साबणबाई म्हणत, आणि तिची त्याला ना नव्हती. दाराच्या कडीला हात लागला तरी हात धुणारी, दुसरीचा उष्टा कप नुसता पाहिला तरी स्वतःचे ओठ पुसणारी मुलगी. तिला दुसरं काय म्हणणार? त्यात विषय घेतला सूक्ष्मजीवशास्त्र. "आधीच उल्हास," आई फोनवर म्हणाली होती, "आता तर विचारायलाच नको."

अशा मुलीच्या वाट्याला रूममेट आली ती पैलवान. कॉलेजच्या संघातून वजनं उचलायची. मेसच्या तेलकट जेवणाने तिचं पोट भरायचं नाही आणि वजन मात्र वाढायचं, म्हणून तिने पलंगाखाली विजेवरचा एक छोटा कुकर ठेवला होता. खाली तांदूळ, वर जाळीच्या ताटलीत गाजर आणि पालक, त्याच वाफेवर चार अंडी. सकाळी त्याच भांड्यात ओट आणि सफरचंदाच्या फोडी.

"तेल नाही, तळण नाही, भांडं एकच," ती सांगायची. "तू पण खा गं. बिस्किटांवर किती दिवस काढशील?"

साबणबाईला नुसत्या वासाने ढवळून यायचं. अंड्याचा वास पडद्यात, उशीत, केसांत जाऊन बसायचा. पण वासाचं एक वेळ चालेल, बेसिनचं काय? पैलवान भांडं धुवायची ते मजल्यावरच्या सामायिक बेसिनमध्ये, जिथे रोज सकाळी पंधराजणी दात घासून थुंकत. जाळीत केसांचा गुंता, त्यावर टूथपेस्टचा वाळलेला थर, आणि शेजारी ही बाई मजेत राजमा धुतेय. एकदा एक दाणा निसटून नेमका त्या गुंत्यात पडला. पैलवानने तो चिमटीत उचलला, नळाखाली धरला आणि परत भांड्यात टाकला.

"अगं, तो बेसिनमधला आहे," साबणबाई म्हणाली.

"शिजणारच आहे ना," पैलवान म्हणाली.

त्या दिवशी साबणबाईच्या घशाखाली बिस्किटसुद्धा उतरलं नाही.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या बाईंनी काम दिलं. राहत्या खोलीतल्या दोन वस्तूंवर कापसाची काडी फिरवून आणायची, पोषक जेलीच्या बशीत ती ओढायची आणि दोन दिवसांनी काय उगवतं ते पाहायचं. साबणबाईने एक काडी कुकरच्या आतून फिरवली. तुलनेला काहीतरी स्वच्छ हवं, म्हणून दुसरी स्वतःच्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडातून.

दोन दिवस थांबायचा तिला धीर निघाला नाही. तिने बिननावाची चिठ्ठी लिहिली, रेक्टर मॅडमच्या दाराखालून सरकवली, आणि दुसऱ्या संध्याकाळी मॅडम येऊन कुकर उचलून घेऊन गेल्या. खोलीत शिजवायला बंदीच होती.

"कोणी सांगितलं असेल?" पैलवान रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली. "तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे माझी."

"काय माहीत," साबणबाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

सकाळी बशा उघडल्या. कुकरच्या बशीत दोन बारीक ठिपके, बस. दुसऱ्या बशीत मात्र पिवळट, ओला, चकाकणारा थर माजला होता. सर्दी पिकल्यावर रुमालात दिसतं तसा. कडेला हिरवी लव. झाकण किलकिलं होताच आंबूस भपकारा आला.

"बाप रे, ही कशाची?" बाईंनी विचारलं.

"पाण्याची बाटली आहे, बाई."

"कोणाची?"

"रूममेटची," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

खोलीवर येऊन तिने बाटलीच्या झाकणातलं रबराचं कडं नखाने उपसून काढलं. खाली गुलाबीसर बुळबुळीत साय, तिच्यात काळे ठिपके. बाहेरून ती बाटली रोज घासायची; हे कडं वर्षभरात एकदाही काढलं नव्हतं. वर्षभर तिचं पाणी त्या सायीवरून तोंडात जात होतं. ती बोट लांब धरून बेसिनकडे धावली आणि जे पोटात होतं ते तिथेच ओकली. गुंत्यामुळे पाणी तुंबलं, ओकारी वर तरंगायला लागली, ते पाहून तिला पुन्हा उमळून आलं.

मागून कोणीतरी तिचे केस गोळा करून धरले. पैलवान होती. दुसऱ्या हाताने, उघड्या हाताने, तिने जाळीतला तो सगळा लगदा उपसला, कचऱ्यात टाकला आणि नळ सोडला.

"मेसचं खाल्लंस वाटतं," ती म्हणाली. "चूळ भर."

साबणबाईला आता किळस येत होती ती स्वतःचीच. तोंड पुसून ती थेट रेक्टर मॅडमच्या खोलीवर गेली. दार अर्धवट उघडं होतं. मॅडम खुर्चीत, पाय गरम पाण्याच्या टबात. शेजारी पैलवानचा कुकर वाफाळत होता, आणि त्याच्या झाकणावर टाचा घासायचा दगड, करड्या कातडीच्या भुग्यासकट.

"पाणी पटकन तापतं यात," मॅडम म्हणाल्या आणि जरा ओशाळल्या.

"ती चिठ्ठी माझी होती, मॅडम. मला तो परत हवाय."

मॅडमनी टबाकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं. "खोलीत नाही चालणार. मजल्यावरच्या पँट्रीत वापरा. आणि हे..."

"नाही सांगणार कोणाला," ती म्हणाली. पैलवानला सोडून, हे तिने मनात ठरवलं होतं.

तिने कुकर त्याच बेसिनमध्ये घासला. हात कोपरापर्यंत लाल झाले. तीनदा पाणी उकळून ओतलं, आणि मग पैलवानसमोर ठेवून सगळं सांगितलं: चिठ्ठी, बशी, बाईंना मारलेली थाप, मॅडमच्या टाचा. टाचांपाशी पैलवानचा चेहरा पहिल्यांदाच आंबला.

"यात टाचा?"

"पाय टबात होते. यात फक्त पाणी. दगड झाकणावर."

पैलवानने झाकण उचलून आत पाहिलं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. रागावली होती, ते तिच्या मानेवरून कळत होतं. शेवटी म्हणाली, "स्पर्धेपर्यंत भाजी तू चिरायची. भांडं तू घासायचं. आणि जेवायचं माझ्याबरोबर."

त्या संध्याकाळी पँट्रीत साबणबाईने गाजरं चिरली, पालक पाच पाण्यांतून काढला. वीस मिनिटांनी पैलवानने तिच्या बशीत अंडं ठेवलं. कापल्यावर बलकाभोवती हिरवट करडी कड दिसली, आणि तोच वास आला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते ओकारीआधी सुटतं तसलं.

"नाक दाबून खाल्लं तर चालेल?" तिने विचारलं.

"कसंही खा," पैलवान म्हणाली आणि मिठाची डबी तिच्याकडे सरकवली.