झिपऱ्याचे जावळ

२००९ साली खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी झिपऱ्या नावाचा टेरियर होता. तो सारखा टेबलाला धडकायचा, म्हणून तो आंधळा असावा अशी नात अंकिताला भीती होती. केसांआडचे डोळे कोणी पाहिलेच नव्हते. सुनेने केस कापायचे मशीन आणले, तर आवाजाने तो पलंगाखाली शिरला.

"जावळ मामाच्या मांडीवर काढतात," मी म्हणाले.

"आई, कुत्र्याला मामा कुठला?"

"तुझा भाऊ आहे ना."

दीपेश कुरकुरत मांडी घालून बसला. त्या खळग्यात झिपऱ्या गप्प बसला. कपाळावरून मशीन फिरले आणि दोन तपकिरी डोळे थेट अंकिताच्या हातातल्या चेंडूकडे वळले.

झिपऱ्या पुढे नऊ वर्षे जगला. त्याचे केस सूनच कापायची. अंकिताला मात्र चष्मा लागला. दीपेश न्हावा शेव्याला नोकरीला आहे. कॉलनीत त्याला अजून कुत्र्याचा मामा म्हणतात.