बरणीतली मांदेली

बरणीत अकरा मासे होते. सर्वांत लांब साडेसोळा सेंटिमीटर, सर्वांत आखूड बारा. दहा अखंड, एकाची शेपटी तुटलेली. वर चिठ्ठी: ‘नाल्याच्या मुखाखाली नदीत जिवंत सापडलेले मासे, मार्च १९९१.’

विशाखाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिची कानशिलं तापली.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती अंबरनाथ पश्चिमेच्या एका खासगी प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. बरणी आली होती बदलापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यातून. त्याच्या नाल्याखालच्या वाडीतले लोक नदीच्या वाळूत खड्डे करून पाणी प्यायचे. पोरं आजारी पडली, ओरड झाली, तेव्हापासून कारखान्याला वाडीवर टँकर पाठवावा लागत होता. नदीत मासे जगतात असा दाखला मिळाला की टँकर बंद. आणि दाखल्यावर सही विशाखाची.

बरणीत तर मांदेली होती. घरी आई तळायची तीच. पोटाकडून सोनेरी, अंगावर मोत्यांसारख्या ठिपक्यांच्या ओळी, निमुळती होत गेलेली शेपटी. थव्याने राहणारा हा समुद्रातला मासा किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात फिरतो, फार तर खाडीत शिरतो. बदलापूरच्या गोड्या पाण्यात सापडायला त्याला रस्त्याने चालत यावं लागलं असतं. तरीही तिने सहा मासे फाडून पाहिले. चौघांच्या पोटात जवळा होता, तोही समुद्रातलाच. तिला खोटेपणापेक्षा बेफिकिरीचा जास्त संताप आला. बरणी कोणी उघडून बघेल एवढीसुद्धा भीती त्यांना वाटली नव्हती.

कारखान्याचा शिपाई बबन दाखला न्यायला आला, तेव्हा मासे कुठे धरले म्हणून तिने विचारलं. तो आधी आढ्याकडे बघत राहिला, मग हसला.

“मॅडम, आमचा साहेब शुद्ध शाकाहारी. बोलला, नदीतून मासे आण, छोटे, चकचकीत. नदीत बेडूक पण नाय उरला. मग स्टेशनवर मच्छीवाल्या बनूबाईकडनं घेतला एक वाटा.”

त्यातला अर्धा वाटा त्याच्या घरी तळला गेला, तेही त्याने सांगून टाकलं.

प्रयोगशाळेच्या मालकांना हसू आलं नाही. गिऱ्हाईक मोठं आहे, बरणीत मासे आहेत की नाहीत एवढंच लिहायचं, असं ते चष्मा पुसत समजावू लागले.

“मासा तो मासा. त्याची जात कशाला विचारतेस?”

मुलाखतीत तिचं आडनाव ऐकून याच माणसाने मूळ गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, असं वळणावळणाने विचारलं होतं.

“जिथे विचारायची असते तिथेच विचारतेय, सर,” ती म्हणाली. “यावर मी सही करणार नाही. पाणी स्वतः आणून तपासणार आणि निघेल तेच लिहिणार.”

मग नोकरी राहणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तिने बाटल्यांची पेटी उचलली.

वाडीतली चंद्री तिला नाल्याच्या मुखाशी घेऊन गेली. काठाचे दगड जांभळे पडले होते. विशाखा बाटली बुडवताना चंद्री कमरेवर हात ठेवून बघत होती.

“मासं बगाय आलीस का गं बाय? आमी शेवटचं मासं धरलं तवा माजी पोर पोटात व्हती. आता ती साळंत जाते.”

विशाखाने तिथेच, काठावर बसून, बाटल्यांत औषधं घातली. मासे जगायला लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पाण्यात तो असला की तपकिरी साका बसतो. इथे साका जवळजवळ पांढराच बसला. चंद्रीने याचा अर्थ विचारला. मोजल्याशिवाय सांगणार नाही, असं म्हणून तिने बुचं घट्ट केली आणि पेटी घेऊन प्रयोगशाळेत परतली.

मालक दारात उभे राहून बघत होते. तिने तिन्ही बाटल्यांतला प्राणवायू मोजला, कागदावर आकडा लिहिला आणि खाली सही केली.

विरघळलेला प्राणवायू, तीन नमुन्यांची सरासरी: लिटरला ०.२ मिलिग्रॅम.