जिभेखालची संमती

शिवलीलाच्या जिभेखाली औषध होतं, तेवढ्यात तिच्या आईची खोली गेली.

सकाळचे थेंब घेऊन ती नेहमीसारखी ओट्याला टेकून उभी होती. तोंड मिटलेलं, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. थेंब दोन मिनिटं जिभेखाली धरायचे, मग गिळायचे, तोवर बोलायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. एका गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून नवरा, विरेश, स्वयंपाकघराच्या दारात आला.

"लीला, मागच्या खोलीत टॉवेलचे गठ्ठे टाकतोय. गोदामाला ओल आलीय. दिवाळीपतोर. चालंल न्हवं?"

शिवलीलानं मान हलवली, आडवी. जोरात हलवली तर थेंब घशात पळतात, म्हणून जेमतेम हलवली.

"बरं," विरेश म्हणाला आणि उरलेला गाल करायला गेला.

औषध गिळून ती मागं धावली तेव्हा तो न्हाणीत होता, नळ सोडलेला. बाहेर आला तो फोन कानाला लावूनच. फोन संपला तेव्हा स्कूटर गल्लीच्या टोकाला पोचली होती. दुपारी टेम्पो आला आणि मागची खोली छतापर्यंत भरली.

ती खोली गंगम्माला द्यायची, हे गेल्या महिन्यात सगळ्यांच्या समोर, जेवताना ठरलं होतं. गंगम्मा, शिवलीलाची आई, वळसंगला एकटी राहते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकलाय, दुसऱ्यात पिकतोय. येत्या सोमवारी इथं सोलापुरात ऑपरेशन. त्यानंतर महिनाभर डोळ्यात दिवसातून चार-चारदा औषध टाकायला माणूस हवं, कारण गंगम्माचा हात कापतो आणि औषध डोळ्याऐवजी गालावर पडतं.

आता खोलीत टॉवेल राहणार होते. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं.

या घरात शिवलीला वीस वर्षं शिंकत आली. सकाळी उठली की डझनभर, केर काढताना डझनभर. नाक लाल, डोळे लाल, रात्री तोंडानं श्वास. सासू नागव्वा पाहुण्यांना ओळख करून द्यायची, "ही आमची सून. शिंकती." कुणी कधी डॉक्टरचं नाव काढलं नाही. तिच्या श्वासाचा कुणाला त्रास नव्हता.

त्रास झाला तो सासऱ्यांना. रुद्रप्पांचं टॉवेल-चादरीचं दुकान. दुकानाला निघताना कुणी शिंकलं, की ते चप्पल काढून परत आत येऊन बसत, पाणी पीत, थोड्या वेळानं पुन्हा निघत. पुन्हा निघाले की शिवलीला पुन्हा शिंके. एकदा असं तीनदा झालं आणि बंगळूरचा व्यापारी वाट बघून दुसऱ्याच्या दुकानात गेला. त्याच आठवड्यात सुनेला ॲलर्जीच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं.

डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासलं आणि सांगितलं, घरातल्या धुळीत, गादीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांची ॲलर्जी. त्याच किड्यांचा अंश रोज थोडाथोडा जिभेखाली द्यायचा, म्हणजे शरीराला सवय होते. तीन वर्षं लागतील. गादी उन्हात घाला, घरात धूळ धरणाऱ्या वस्तू कमी ठेवा.

"आमच्या घरात किडे?" नागव्वानं रिक्षातच विचारलं. "गादी तर तुज्याच म्हायारची हाय."

थेंब सुरू झाले. बाटली फ्रिजमध्ये, शेंगाच्या चटणीच्या डब्यामागे. पहिल्या वर्षी शिंका निम्म्यावर आल्या, दुसऱ्या वर्षी कधीतरी एखादी. रुद्रप्पा पहिल्या झटक्यात दुकानाला पोचू लागले.

याच काळात घराला औषधाचा दुसराही एक गुण सापडला. सकाळी काही वेळ सून बोलू शकत नाही. आधी योगायोगानं, मग सरावानं, घरातले अवघड प्रश्न त्याच वेळेला निघू लागले. शिवलीलाचं शिलाई मशीन नागव्वाच्या टेंभुर्णीच्या भाचीकडे गेलं, ते असंच. नणंदेची दोन मुलं अख्खी सुट्टी राहिली, तीही अशीच. नंतर तिनं कुरकुर केली, तर उत्तर ठरलेलं असे, "इचारलं की तुला. न्हाय म्हनलीस व्हय?"

मौन या घराला नवीन नव्हतं. रुद्रप्पांची रोजची पूजा मौनातच होई. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन ते बसले, की घर श्वास धरून उभं राहायचं. कुकर गॅसवरून उतरायचा, फोन उशीखाली जायचे, दूधवाला बेल न वाजवता पिशवी कडीला अडकवून जायचा. मामा, म्हणजे सासरे, पूजेला बसले असताना त्यांना काही विचारावं, हे कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांचं न बोलणं देवाचं होतं. सुनेचं न बोलणं घरचं होतं.

संध्याकाळी विरेश आला तसं शिवलीलानं विचारलं, "अव्वाला कुटं ठेवायचं आता?"

"तू काय बोल्ली न्हाईस तवा."

"तोंडात औषध होतं माज्या."

"मग आता गठ्ठे चढले की छतापतोर. परत हमाल बोलवू व्हय?"

"मी फोन केलाय तुज्या अव्वाला," नागव्वा सोफ्यावरून म्हणाली. "पुढल्या साली कर म्हनलं. डोळा कुटं पळून चाललाय?"

शिवलीलानं वळसंगला फोन लावला. गंगम्मा हसत होती, लेकीला वाईट वाटू नये इतपत.

"ऱ्हाऊ दे गं. एका डोळ्यानं दिसतंय की. चूल दिसती, भाकरी दिसती. करपली तर वास येतो."

शिवलीलानं फोन ठेवला. मग तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि त्या रात्री आमटीत मीठ बरोबर पडलं. नागव्वानं विरेशला हळूच सांगितलं, "बग, निवली."

सकाळी रुद्रप्पा पूजेला बसले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तळहातावर लिंग, नजर त्यावर खिळलेली. घर गप्प झालं. शिवलीला पदराला हात पुसत आली आणि त्यांच्या पुढ्यात, दोन हात अंतर राखून, बसली.

"मामा, एक इचारायचं होतं."

दारात नागव्वाचा हात तोंडावर गेला. विरेश ब्रश हातात धरून थिजला.

"अव्वा रविवारी येतीय. सोमवारी डोळा. मग म्हैनाभर हितंच, मागच्या खोलीत. गठ्ठे मी आज बाहेरच्या सोप्यात आणून ठेवतीय, तुमच्या पलंगाशेजारी. चालंल न्हवं?"

रुद्रप्पांची नजर लिंगावरून हलली नाही. मानेची एक शीर तेवढी उभी राहिली. नागव्वानं डोळे वटारले, पण पूजा चालू असताना सुनेला ओरडायची सोय त्या घरानं कधी केलेली नव्हती. विरेशनं दोन्ही हात हलवून काहीतरी सांगितलं. दाढीचा फेस फरशीवर पडला.

शिवलीला वाट बघत बसली. घाई नव्हती. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

फ्रिज उघडून तिनं बाटली काढली, जीभ वर करून थेंब सोडले, तोंड मिटलं आणि मागची खोली गाठली.

त्या दिवशी रुद्रप्पांची पूजा कधी नव्हे इतक्या लवकर आटोपली. लिंग वस्त्रात बांधून ते तरातरा मागच्या खोलीच्या दाराशी आले.

"काय लावलंयस हे? आँ? मी व्हय म्हनलो का तुला? कवा म्हनलो?"

शिवलीलानं बोटानं मिटलेलं तोंड दाखवलं आणि पहिला गठ्ठा ओढला. तो अडकला होता. तिनं भिंतीला पाय लावून पुन्हा ओढला. गठ्ठा धपकन खाली आला, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाची पांढरी धूळ छतापर्यंत उसळली.

तिचे डोळे भरून आले. नाकपुड्या थरथरल्या.

"थांब," नागव्वा विरेशचा हात धरून पुटपुटली. "शिंकती बग आता."

कामाच्या आरंभाला शिंक आली की काम तिथंच थांबतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिघं दारात उभी राहिली. रुद्रप्पाही ओरडायचे थांबले. धूळ हळूहळू खाली बसत होती, शिवलीलाच्या केसांवर, पापण्यांवर, हातातल्या बांगड्यांवर. ती तोंड मिटून, ओल्या डोळ्यांनी तिघांकडे बघत उभी होती.

शिंक आली नाही.

तिनं औषध गिळलं, आणि दुसऱ्या गठ्ठ्याला हात घातला.