कुलपातल्या वहाणा

एकोणीसशे अडुसष्ट साली भोरात माझा एकच ट्रक होता, बिऱ्हाडं हलवायचा. त्या सकाळी दीनानाथ मास्तरांचं बिऱ्हाड हलवायचं होतं. धुक्यात ट्रक ढगावर उभा असल्यासारखा दिसत होता. देव्हाऱ्याला हात लावण्याआधी हमालांनी वहाणा काढायच्या, हा माझा नियम.

"वहाणा काढा रे!" मी ओरडलो.

मुकादमानं पुरवलेले चौघं हमाल तसेच उभे राहिले. खाली पाहिलं, तर सगळे अनवाणी.

"मुकादमाच्या पेटीत हाईत," त्यांच्यातला रतन हळूच म्हणाला. "आमी गावाला पळू नये म्हनून."

माझं डोकं फिरलं. मुकादम शेजारीच आपल्या गाडीला टेकून उभा होता. "मुकादम, गाडीतली पेटी उघडा! अशी डांबून ठेवलेली माणसं माझ्या ट्रकवर चालायची न्हाईत."

"अहो, मुहूर्त टळेल," मास्तर म्हणाले.

"टळू द्या."

शेवटी कुलूप निघालं. चौघांनी वहाणा घातल्या आणि जमीन नवीच असल्यासारखे ते चालू लागले. कातड्याची करकर धुक्यात विरत त्यांच्या गावाच्या, हिर्डोशीच्या वाटेला गेली. जाऊ देत, म्हटलं. मी एकटाच देव्हाऱ्याकडे वळलो.

थोड्या वेळानं एक करकर माघारी आली. रतन दारात थांबला आणि त्यानं आपल्या हातानं वहाणा काढल्या.