मोठी जेवत नव्हती

आमच्या घरात माणसांपेक्षा वटवाघळांचे लाड जास्त. जखमी वटवाघळं आणायची आणि बरी करून सोडायची, हा माझ्या थोरल्या नणंदेचा उद्योग. त्यांच्यामागे मी फरफटत. सध्या दोनच होती. एक पाकोळी, म्हणजे वटवाघळांतली सगळ्यात चिमुकली जात, अंगठ्याएवढी, तिचं नाव शेंगदाणा. डोळे उघडायच्या आधीपासून ताईंनी तिला रंगाच्या ब्रशने दूध पाजलं होतं. उद्या तिला सोडायचं, म्हणून ताई आजपासूनच नाक ओढत होत्या. दुसरी मोठी, गोदामात सापडलेली, पंख फाटलेला. किडे खाणारी जात, पण आमच्या अळ्यांना तोंड लावेल तर शपथ!

"एकटीला घास उतरत नाही गं," ताई म्हणाल्या. "सोबत हवी."

"मग द्या सोबत!" मी वैतागून म्हटलं आणि गोदामाकडे निघाले.

वटवाघूळ जिथे लटकतं, तिथे खाली त्याचं उष्टं पडतं: पतंगांचे पंख, भुंग्यांची कवचं. ते बघितलं की त्याची आवडनिवड कळते. मला तेवढंच बघायचं होतं.

तुळईखाली पतंगांचे पंख होतेच. मग बेडकाची तंगडी दिसली. उंदराची शेपटी. अगं बाई, ही म्हणे किडे खाणारी! आणि शेपटीशेजारी एक वाळका पंख, कातडीचा, बोटभर लांब. पतंगाचा नव्हे. पाकोळीचा.

आणि मी ताईंना 'द्या सोबत' म्हणून आले होते. मेली माझी जीभ! फोन लावला, ताई उचलेनात. पुन्हा लावला. शेवटी धावत सुटले. वाटेत एक सायकलवाला शिव्या घालून गेला, घाल म्हटलं बाबा. ताई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नाहीत, माझं तर नाहीच. आजही ऐकलेलं नसू दे, एवढंच मागत होते.

मागच्या खोलीत ताई पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या. पिंजऱ्यावर नेहमीचं काळं कापड होतं, आणि ताईंच्या हातात अळ्यांची वाटी, काठोकाठ भरलेली. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होत्या.

"तुझंच ऐकलं. शेंगदाण्याला आत सोडलं," त्या कुजबुजल्या. "आता या अळ्या ठेवायला आले, तर ऐक ना!"

कापडाआडून कुडुमकुडुम आवाज येत होता.

"मोठी जेवतेय गं! आमच्या शेंगदाण्याने शिकवलं बघ तिला. थांब, कापड काढू नकोस. पोटभर खाऊ दे."

मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"ताई," म्हटलं, "तुम्ही आधी खाली बसा."