नकाशातली निळी रेघ

ओव्हरसियरनं संस्थानच्या काळातला नकाशा बंधाऱ्याच्या दगडावर पसरला आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर गोटे ठेवले. आमच्या गावाची, वरव्याची, सगळी सपाटी त्यात होती. ओढा, विहिरी, पाटांच्या निळ्या रेघा. जिथं रेघ, तिथंच बंधाऱ्याला नवं दार बसणार होतं.

एक रेघ सरळ आमच्या तुकड्यात उतरली होती. गेनबाच्या एवढ्या मोठ्या रानात मात्र एकही नव्हती.

"खोटा हाय नकाशा!" गेनबा ओरडला. "माझ्या आज्यापासनं पानी हाय हितं. आन् ह्या बौद्धवाड्याला पाट? कवा व्हता रं, दादू?"

दादू म्हणजे माझे सासरे. माझी तान्ही रतन कडेवर नुकती झोपली होती. मी तिच्या कानावर पदर ओढला.

खरं काय ते सासूबाईंनी मला बाळंतपणात शेक देता देता सांगितलं होतं. संस्थानचे मोजणीवाले येणार, बागायत दिसली की शेतसारा वाढणार, म्हणून गावानं चावडीत ठरवलं, पाट बुजवायचे, वर कोरडी माती टाकायची आणि रान जिराईत म्हणून सांगायचं. आपल्या माणसांना चावडीत कोण बोलावतंय? आपला पाट वाहत राहिला, तोच कागदावर उतरला.

"ह्यांच्या रानात पाट होता, असं कुणी सांगेल का?" ओव्हरसियरनं विचारलं.

गेनबाचे भाऊबंद खाली बघू लागले. होता म्हणावं, तर वाडवडलांची लबाडी उघडी पडणार. गेनबाचा आवाज उतरला.

"दादू, तुला तर ठावं हाय. सांग की सायबाला."

सासऱ्यांनी मुंडासं सारखं केलं. "चावडीत काय ठरलं, ते आमाला कसं ठावं, गेनबा? आमाला कुणी बोलावलंच न्हाई."

"लई शिंगं फुटली व्हय? बसवा दार. त्याच दिशी पाट फोडतो!"

"फोड की," सासूबाई म्हणाल्या. "माझी नात आसंल तितं झोपल्याली."

दार बसलं. रतनची झोळी मी आता पाटावरच्या बाभळीला बांधते आणि कांद्याला पाणी द्यायला दारं धरते. गेनबा कुदळ खांद्यावर टाकून बांधावर येतो, झोळीकडं बघतो, थुंकतो, परत जातो. उद्याही येईल.

त्याच्या शिव्या रतनला अजून कळत नाहीत. पाण्याचा आवाज थांबला, की मात्र ती जागी होते.